आशय सुरक्षित आहे

बाबांनी ताट असं सरकवलं की ते थेट भिंतीवर जाऊन आदळलं. वरण फरशीवर सांडलं, भाकर कपाटाखाली गेली.

"कोन हाय थे बाई?" फोनकडे बोट रोखून ते म्हणाले. "बंद कर तिले."

"बाबा, माय व्हय थे. मायचाच आवाज."

"कोनाचीबी असन. माही बायको नोहे."

मी पुन्हा बटण दाबलं. फोनमधून स्वच्छ, गोड, पुसून ठेवलेल्या काचेसारखा आवाज आला. "तुळशीराम, ऐकता ना? जेवण तयार आहे. लवकर या." बाबांनी दोन्ही कानांवर हात दाबले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

हा चौथा दिवस होता. चार दिवसांत माझ्या बापाच्या पोटात थोडं साखरपाणी आणि अर्धं केळं गेलं होतं. सकाळी डॉक्टर येऊन सांगून गेले, "देवानंद, आज शुक्रवार. सोमवारी सकाळपर्यंत वाट पाहू. नाही खाल्लं तर नाकातून नळी टाकावी लागेल. असे पेशंट नळी ओढून काढतात, म्हणून हात पलंगाला बांधावे लागतील. मनाची तयारी ठेव."

बाबा दर्यापुरात नगरपरिषदेचे व्हॉल्व्हमन होते. कोणत्या गल्लीला कधी पाणी सुटेल हे चौतीस वर्षं त्यांच्या हातात होतं. त्या कामाला घड्याळ नसतं. कधी घरी, कधी टाकीखाली, कधी फुटलेल्या पाइपाच्या खड्ड्यात. आईला लिहिता येत नव्हतं, पण फोनवरचं माइकचं चित्र तिला कळलं होतं. भाकरी टाकता टाकता ती ते दाबून धरायची, ते लाल झालं की बोलायची आणि सोडायची. रोज तेच. जेवायला या. असे सव्वातीनशे निरोप तिच्या जुन्या फोनमध्ये जमले होते.

आई गेली त्याला अडीच वर्षं झाली. तिच्या मागोमाग बाबांची आठवण जायला लागली. आधी नातेवाइकांची नावं गेली, मग गल्ल्या गेल्या, मग मी गेलो. मला ते कधी डॉक्टर म्हणतात, कधी इंजिनिअर साहेब. भूक लागलेली त्यांना कळत नाही. पण आईचा निरोप लावला की उठायचे, मोरीवर हातपाय धुवायचे आणि ताटावर येऊन बसायचे. रोज दोन वेळा मी तो निरोप लावायचो. अडीच वर्षं माझा बाप त्या आवाजावर जेवला, आणि चार दिवसांपूर्वी तोच आवाज त्याला परका झाला.

बस स्टँडसमोर माझं मोबाइलचं दुकान आहे. मी दहावी नापास. फोन उघडायला मला कोणी शिकवलं नाही, हात भाजून घेत शिकलो. त्यामुळे शिकलेल्या लोकांनी काय करून ठेवलंय ते मला बाहेरून नाही, आतून माहीत आहे. ते सांगतो.

पूर्वीच्या फोनला बाजूला एक खाच असायची. नखाएवढं मेमरी कार्ड त्यात घालायचं. फोन मेला तरी कार्ड जिवंत, काढलं आणि दुसऱ्यात घातलं. कार्डात जे ठेवलं ते तिथं जसंच्या तसं पडून राहायचं. तुमचा माल, तुमच्या खिशात. मग कंपन्यांनी एकेक करून ती खाच बुजवली. पाणी शिरतं म्हणाले, कार्ड हळू चालतं म्हणाले. सगळं फोनच्या पोटात ठेवा म्हणाले. पण पोट केवढं? चिपमध्ये थरावर थर चढवून चढवून शेवटी आणखी थर चढेना, आणि लोकांचे व्हिडिओ तर थांबेनात. तेव्हा २०३४ साली 'अक्षय साठा' आला. कधीच न भरणारी मेमरी.

ती भरत का नाही? कारण ती ठेवतच नाही. फोनला जागा कमी पडायला लागली की तो तुमच्या जुन्या फायली चाळतो आणि प्रत्येकीचं सार लिहून घेतो. बोलणारी बाई, वय साठ, आवाज अमुक पट्टीतला, म्हणणं असं असं. सार चार ओळींचं. मग मूळ फाइल पुसून टाकतो. तुम्ही बटण दाबलं की त्या चार ओळींवरून आवाज नव्यानं तयार करतो. कोट्यवधी माणसांचे आवाज ऐकून त्या यंत्रानं एक सरासरी शिकून ठेवलेली असते. सारात जिथं भोक असेल तिथं ती सरासरी भरली जाते. पुढं आणखी जागा लागली की चार ओळींच्या दोन होतात आणि सरासरी वाढत जाते. फोटोंचंही तेच. माझ्या एका गिऱ्हाइकाची एका शिंगाची म्हैस फोटोत दोन शिंगांची झाली. तो खूश होता. म्हणाला, आता विकायले बरी.

सव्वातीनशे निरोप, सगळे सारखे. यंत्रानं विचार केला असेल, कशाला एवढे? एकाचं सार पुरे.

त्या दुपारी मी कंपनीला फोन लावला. एक मुलगी अतिशय नम्रपणे बोलली.

"सर, तुमची एकही फाइल हरवलेली नाही. आशय शंभर टक्के सुरक्षित आहे."

"मॅडम, आशय कोनाले पाहिजे? भाकर झाली, जेवाले या. एवढाच आशय व्हता. थो तर मलेबी बोलता येते."

"अस्पष्ट भाग आपोआप दुरुस्त होतो, सर. उलट आता ऐकायला जास्त छान वाटत असेल."

"मले मूळ आवाज वापस पाहिजे."

"मूळ म्हणजे, सर?"

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांची असेल, तिचं सगळं लहानपण अक्षय साठ्यात गेलेलं. तिच्यावर काय ओरडणार? मी फोन ठेवला आणि दुकानाच्या काउंटरवर मूठ आपटली, तर काच तडकली. तेवढंच झालं.

घरी आलो तेव्हा प्रणिता, माझी बायको, फरशीवरचं वाळलेलं वरण खरडत होती. ती अंगणवाडीत आहे. दुपारी घरी नसते, आणि संध्याकाळी ती स्वयंपाकघरात असताना मी बाहेरच्या खोलीत फोन लावतो. तिनं तो निरोप कित्येक महिन्यांत नीट ऐकलाच नव्हता. "लावा बरं एकदा," ती म्हणाली. मी लावला. तिनं खरडणं थांबवलं.

"अहो मोबाइलवाले, एक विचारू? आईंनी कधी बाबांचं नाव घेतलं होतं का?"

मी फोन बंद केला.

"अंगणातल्या तुळशीलेसुद्धा त्या तुळस म्हणत नव्हत्या. दारातली देवी म्हणायच्या. नवऱ्याचं नाव येते म्हणून. मी लग्न होऊन आली तर पहिल्याच दिवशी मले सांगे, देवीले पानी घाल. मी सारं घर शोधलं, कोनती देवी म्हणून." ती हसली आणि मग हसायची थांबली. "आणि ही बाई सरळ तुळशीराम म्हणून हाक मारते. बाबांले वाटत असन, कोनी परकी बाई घरात घुसली."

खरं होतं. आई बाबांना हाक मारायचीच नाही. भाकरी उलटायचा सराटा तव्याच्या कडेवर दोनदा आपटायची. टण्, टण्. ती हाक. मग म्हणायची, आयकून राह्यले का. गल्लीतल्या लोकांनाही ती टणटण ठाऊक होती. यंत्राला ती धातूची खडखड वाटली, काढून टाकली. मग बोलावण्याच्या जागी भोक पडलं. सरासरी माणूस बोलावताना नाव घेतो, म्हणून यंत्रानं फोनच्या यादीतून नाव उचललं आणि चार दिवसांपूर्वी तिथं बसवलं असणार. वर तिची बोली घासून पुसून शाळेतल्या बाईंची करून टाकली. माझ्या आईला बोलता येत नव्हतं असं त्या यंत्राचं मत पडलं. माझ्या आईच्या तोंडाला हात लावायचा यांना कोणी अधिकार दिला?

"पण तुमी तर रोज दोन वेळा आयकत होते," प्रणिता म्हणाली. "तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी कपाटाखालची भाकर काढायला वाकलो.

"कार्ड कुठं हाय आईंचं? जुन्या फोनमधलं?"

याचं उत्तर मला येत होतं, आणि ते मी अडीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे अजून लोक जुने स्पीकर वापरतात. त्यांना कार्डावर गाणी भरून लागतात. नवीन कार्डं बनायची बंद झाली, म्हणून दुकानात जे जुनं कार्ड हाती येईल ते फॉरमॅट करायचं, गाणी भरायची, द्यायचं. आई गेली त्या महिन्यात मी तिचे निरोप तिच्या कार्डावरून बाबांच्या नव्या फोनच्या पोटात उतरवले. निर्धास्त झालो. आणि दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून ते कार्ड कोरं करून, गाणी भरून देऊन टाकलं.

मी सांगितलं. प्रणितानं हातातलं फडकं बादलीत टाकलं. मग म्हणाली, "कोनाले दिलं?"

"आठवत नाही."

"आठवा."

शनिवारचा सगळा दिवस मी आठवत होतो. गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाकडे बघायचो, हा होता का? संध्याकाळी प्रणिता दुकानात आली, आणि शटर ओढताना तिच्या नखांवरचं लाल पॉलिश दिसलं आणि डोक्यात लख्ख झालं. आईला तिचं कार्ड ओळखू यावं म्हणून प्रणितानं त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. आणि एक बाई तो ठिपका पाहून म्हणाली होती, "हे कोनाचं कुंकू लावून देऊन राह्यला बे मले?" येवद्याची बेबीताई खंडारे. पिठाच्या गिरणीवाली.

रविवारी सकाळी मी येवद्याला गेलो. गिरणी चालू होती आणि तिच्यावर ताण करत स्पीकर भीमगीतं गात होता. बेबीताईच्या भुवयांवर पीठ होतं. मी ओरडून सगळं सांगितलं. तिनं पट्टा उतरवला, गिरणी थांबवली, स्पीकर बंद केला.

"पुन्ना सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजे दोन-अडीच वर्सं तुही माय माह्या डब्यात बसली व्हती, अन् म्या तिच्यावर गाने वाजवत व्हती?"

"तसंच समजा."

"तू मोबाइलवाला ना बे? दुनियाचे मोबाइल दुरुस्त करतं, अन् मायचा आवाज सांभाळता नाई आला?"

"नाही आला, ताई."

तिनं मग पदराला हात पुसले, स्पीकरच्या मागून कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लाल ठिपका अर्धा झिजला होता. "उद्या सोमवारी मी यात नवे गाने भरनार व्हती," ती म्हणाली. "घेऊन जाय. बापाले जेवू घाल आधी. माही गिरनी राहीन मुकी दोन दिवस. लोक आयकतीन नुसती गिरनीची घरघर."

आता फॉरमॅटचं सांगतो, कारण माझी सगळी आशा त्यावर होती. कार्ड म्हणजे वही समजा. फॉरमॅट केलं की अनुक्रमणिकेचं पान फाटतं, आतली पानं तशीच राहतात. नवीन गाणी त्या पानांवर लिहिली जातात, पण जेवढी गाणी तेवढीच पानं खराब होतात. बाकीच्या पानांवरचं जुनं अक्षर दिसत नसलं तरी असतं. फोनच्या पोटात हे होत नाही. तिथं पुसलं की यंत्र ते पान झाडून स्वच्छ करतं, आणि वर ज्या कुलपात ते ठेवलं होतं त्याची किल्लीही मोडून टाकतं. नखाएवढ्या, बिनडोक कार्डाला एवढी अक्कल नाही. तो बिनडोकपणाच माझ्या कामाचा होता.

भीती दुसरी होती. कार्डातलं प्रत्येक अक्षर म्हणजे एका सूक्ष्म पिंजऱ्यात कोंडलेले थोडे इलेक्ट्रॉन. वर्षं जातात तसे ते गळतात, उष्णतेनं जास्तच गळतात. गिरणीचा उन्हाळा या कार्डानं तीन वेळा पाहिला होता.

दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं, जुना लॅपटॉप काढला. कार्डावर काही लिहायचं नाही, नुसतं वाचायचं. पान पान पुढं सरकत होतं. आधी बेबीताईची गाणी आली, ती बाजूला जपून ठेवली. मग नुसता कचरा. मग एका लग्नाचा अर्धा फोटो, खालून राखाडी. कार्ड इतकं तापलं की मी त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळलेला चमचा ठेवून बसलो. दोनदा ते मेलं, दोनदा काढून फुंकर मारून घातलं. तिसऱ्यांदा मेलं तेव्हा पुन्हा उठलं नाही.

पण तोवर सतरा निरोप हाती आले होते. सव्वातीनशेपैकी सतरा. मी ते तीन वेगवेगळ्या जुन्या कार्डांवर उतरवले. फोनच्या पोटात एकही टाकला नाही. दुकानात ऐकलेही नाहीत. म्हटलं, बाबांसोबतच ऐकू.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रणितानं ताट वाढलं. बाबा भिंतीकडे तोंड करूनच होते, ओठ सुकून पांढरे पडलेले. मी जुना स्पीकर त्यांच्या उशाशी ठेवला आणि कळ दाबली.

टण्. टण्.

"आयकून राह्यले का? भाकर थंडी होऊन राह्यली. आंबाडीची भाजी केली, मिरची जास्त पडली, मंग बोंबलू नका. या लवकर." मग खोकल्याची एक लांब उबळ. "माय वो, हे लाल लाल सुरूच हाय अजून..." आणि बंद.



आवाज जाड होता. घोगरा, घाईतला, नाकातून येणारा. मी या बाईला ओळखत नव्हतो. पहिला विचार आला, कार्ड चुकलं. दुसऱ्याच कोणाच्या घरातला निरोप निघाला. मी स्पीकर बंद करायला हात पुढं केला. "चुकलं वाट्टे," मी प्रणिताला म्हणालो, "हे तर कोन्या दुसऱ्याच..."

प्रणितानं माझं मनगट धरलं आणि मानेनं पलीकडे दाखवलं.

पलंग रिकामा होता. मोरीवर पाण्याचा आवाज येत होता. बाबा भिंतीला धरून एका पायावर दुसरा पाय घासून धूत होते. मग ते आले, ताटावर बसले, आणि भाकर मोडली. पहिला घास घशात अडकला. प्रणितानं पाणी दिलं. दुसरा घास गेला.

मी त्यांच्यासमोर बसलो. "बाबा, हे कोन व्हय?" मी चोरासारखं विचारलं.

त्यांनी चावणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "येडा हाय का बे? तुह्या मायचा आवाज नाई ओळखत?"

नाही ओळखला. अडीच वर्षं दिवसातून दोनदा मी ते गोड, घासलेलं सोंग ऐकत होतो. आज थोडं घासलेलं, पुढच्या महिन्यात आणखी थोडं, आणि दर वेळी माझ्या डोक्यानं नवीन ठेवून घेतलं आणि जुनं टाकून दिलं. फोननं केलं तेच मीही केलं, आणि मला एकदाही खटकलं नाही. ज्याला मी विसराळू म्हणत होतो, ज्याच्या औषधाच्या गोळ्या मी मोजून देत होतो, त्याच्या डोक्यातून मी गेलो, गाव गेलं, पण ही बाई जशीच्या तशी बसून राहिली होती. तिच्या जागी दुसरी आणून बसवली तर तो सहा दिवस उपाशी राहिला. मी मात्र तिच्याच हातचं समजून पोटभर जेवत होतो.

माझे डोळे गळायला लागले. बाबांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि भाजीत भाकर कुस्करली.

"एवढी काऊन खोकते थे?" थोड्या वेळानं मी विचारलं. "मले तर तिचा खोकला आठवत नाही."

बाबांनी दाराकडे एक नजर टाकली, कोणी ऐकत नाही ना म्हणून, आणि आवाज बारीक केला. "मिसरी लावे. चोरून. भाकरी झाल्या का त्याच तव्यावर भाजे. घसा गेला तिचा त्याच्यानं." त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. "तुमी पोट्टे शाळेत गेल्यावर लावे. मले म्हने, पोराइले सांगान तर पाहा. तू बोलजो नको कोनाजोळ."

"नाही बोलत."

त्यांनी बोटं चाटली, ताट पुढं केलं. प्रणितानं अर्धी भाकर आणखी वाढली.

"अजून सोळा हायेत, बाबा," मी म्हणालो. "लावू?"

"लाव," बाबा म्हणाले. "अन् मधात बोलू नको."